वाड्याच्या जुन्या लाकडातून बैठक कशी उभी करावी

जुन्या सामानाची बैठक करायची म्हटलं की लोक आधी दुकानं पालथी घालतात. मराठवाड्यात हा उलटा रस्ता आहे. इथलं चांगलं लाकूड अजून वाड्यांत पडून आहे. भावाभावांच्या वाटण्या होतात, एक पुण्याला, दुसरा संभाजीनगरला, माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळायला लागतं आणि एक दिवस वाडा उतरवायला काढतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन माणसं गेली. तेव्हापासून अशा घरात झोपायची धास्ती आमच्या भागात आहेच. वाडा उतरला की खांब, तुळया, चौकटी, संदुका अंगणात येतात आणि आठवड्याभरात भंगाराच्या टेम्पोत जातात. तुम्हाला गाठायचा आहे तो हाच आठवडा.

पण थांबा. खरेदी शेवटी करायची, आधी खोली.

खोली रिकामी करा

सगळं बाहेर काढा आणि टेप लावा. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लॉफ्टची उंची कुणी मोजत नाही. मीही मोजली नव्हती. साडेसहा फुटी फडताळ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं आणि दोन दिवस शेजाऱ्यांच्या दारापुढे उभं होतं. येणारा-जाणारा त्यात काही ना काही ठेवून जायचा.

वायरिंग, प्लास्टर, रंग ही घाण करणारी कामं आधी उरका. भिंतीला ओल असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीला टेकलेलं जुनं लाकूड म्हणजे वाळवीला आवतण. रंग फिकट घ्या; काळपट सागवान उजेड खातं.

जमिनीला शहाबादी असेल तर हात जोडून सांगतो, ती उखडू नका. मशीननं घासून घेतली की निळसर-करडी अशी काही चमकते की जुन्या लाकडाखाली दुसरं काही शोभत नाही. एक पथ्य पाळा. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडनं तो खाल्ला जातो. संडास-बाथरूमचं ॲसिड तिच्यावर ओतू नका, लिंबाचा रससुद्धा सांडला तर लगेच पुसा.

काय घ्यायचं, किती घ्यायचं

बारा बाय चौदाच्या खोलीला एक मोठी वस्तू, दोन मध्यम आणि भरपूर मोकळी जागा पुरते. यापलीकडे गेलात की बैठकीचं तहसीलचं रेकॉर्ड रूम होतं. मोठी वस्तू म्हणजे संदूक, पलंग किंवा तुळईचा बाक. मध्यम म्हणजे आरामखुर्ची, नाहीतर सुतळीची बाज. बाजेवर गादी, लोड आणि दोन तक्के टाकले की पाहुणे सोफा विसरतात.

नक्षीचं दार आडवं करून, वर काच टाकून टीपॉय करायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. नक्षीत धूळ बसते, काचेखाली हात पोचत नाही आणि दार ते दार राहत नाही. भिंतीला उभं लावा.

पारख

दर ठरवण्याआधी हिशेब शिका. इमारती लाकडाचा भाव घनफुटावर चालतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. सात फुटी, सहा बाय सहा इंची तुळई म्हणजे पावणेदोन घनफूट. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं, म्हणजे ही तुळई तीसेक किलोची. एवढ्या मापाची तुळई एकट्यानं सहज उचलली गेली तर ती सागवानाची नाही किंवा आतून पोखरलेली आहे.

माझ्यासोबत आलेला मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "सायब, वरून काय बघताय, खालून बघा. वरून समदेच राजबिंडे." तो संदुकीच्या बुडाशी आडवा झाला आणि ब्लेडनं नखाएवढी जागा खरवडली. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. बोट फिरवलं तर किंचित तेलकट, नाकाशी नेलं तर कमावलेल्या चामड्यासारखा वास. हे सागवान. शिसव खरवडल्यावर आत जांभळट-काळ्या रेघा दिसतात आणि ते हाताला जड लागतं. खरवडल्यावर आतून पांढरट, वासाचं काही नाही आणि काळेपणा नुसता वरच्या पॉलिशचा असेल, तर आंब्याला शिसवीचा झगा घातलाय असं समजा. एका व्यापाऱ्यानं मला असली खुर्ची शिसवी म्हणून दिली होती. मी खालून बघितलंच नव्हतं.

मग किडा बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं जुन्या लाकडात असतातच, त्याला घाबरू नका. भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडतोय का, ते महत्त्वाचं. वस्तूखाली काळा कागद अंथरून पंधरा दिवस ठेवा. कागद कोरा राहिला तर किडा बहुधा गेलेला आहे.

विकणाऱ्या घरातल्या सगळ्या भावांची संमती आहे का, ते विचारा आणि साध्या कागदावर सही घ्या, पुण्याचे दादा दिवाळीला येऊन "आमची संदूक कुठंय?" म्हणू शकतात. दगडी किंवा लाकडी कोरीव मूर्तीच्या वाट्याला जाऊ नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ चा पुरातन वस्तू कायदा लागतो, आणि मूर्तींची नोंदणी लागते.

साफसफाई आणि पॉलिश

किडा जिवंत असेल तर वाळवीचं औषध डब्यावरच्या सूचनेप्रमाणे इंजेक्शनच्या सुईनं भोकाभोकात सोडा, आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, मग भोकं मेणानं बुजवा. मे महिन्याच्या उन्हात वस्तू उघडी टाकू नका. किडा मरेल न मरेल, फळ्या मात्र तडकतील.

तुळया कापून घ्यायच्या असतील तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा. खिळा पात्याला लागला तर आरा गिरणीवाला पात्याचे पैसे तुमच्याकडून घेईल, आणि त्याचं बरोबर आहे.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावरची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरनं घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरं आणि गरोदर बाई घरात असेल तर काम बाहेर कुठेतरी करा. रंग निघाल्यावर १२० नंबरचा पेपर, मग २२०, कायम रेषांच्या दिशेनं. फटीत त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा.

पॉलिशला दोन वाटा. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिट पॉलिश देखणं दिसतं, पण गरम चहाचा कप टेकला की पांढरं कडं उमटतं. रोजच्या वापराला मी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, घेतो. पेंटच्या दुकानात "डबल बॉइल" मागा. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल वाळता वाळत नाही, लाकूड चिकट राहतं. बेलतेल पातळ हातानं लावा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसा, दिवसाआड तीन हात द्या.

पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल वाळताना तापतं, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, आमच्या उन्हाळ्यात तर जास्तच. चिंध्या दगडावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

पितळेला चिंच ठीक. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेलं बिदरी पानदान मात्र चिंचेपासून लांब ठेवा, त्याचा काळा रंग हाच त्याचा जीव. खोबरेल तेलाचं बोट फिरवून मऊ कापडानं पुसलं की चांदीची वेल वर येते. जुना पितळी दिवा विजेवर चालवायचा असेल तर वायर, होल्डर नवे आणि अर्थिंगसह घ्या.

पहिला पावसाळा

मुंबईहून आणलेली वस्तू पहिल्या एप्रिलात कुरकुरेल. तिकडची दमट लाकडं इथल्या कोरड्या हवेत आकसतात आणि सांधे ढिले पडतात. सुताराकडून एकदा आवळून घ्या. उलट उन्हाळ्यात घेतलेल्या टेबलाचा खण श्रावणात अडकून बसेल. तेव्हा रंधा मारायला सुतार बोलावू नका. पाऊस सरला की तोच खण ढिला वाजायला लागेल. कडांना मेणबत्ती किंवा कपड्याचा साबण घासा आणि दसऱ्यापर्यंत कळ काढा.