कोर्टाच्या निकालावर मत मांडण्याआधी

वाहिनीवर पट्टी झळकली की लगेच लिहायला बसू नका. आधी पाहा: हा अंतिम निकाल आहे, अंतरिम (म्हणजे अंतिम निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश आहे, की सुनावणीत न्यायमूर्तींनी मारलेला तोंडी शेरा? शेरा कुणावरही बंधनकारक नसतो, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्थगिती मिळाली म्हणजे खटला जिंकला असंही नाही.

मग सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून निकालपत्र उतरवून घ्या, फुकट मिळतं. थेट शेवटचे निष्कर्ष गाठा.

शिवसेना फुटीच्या प्रकरणाचा ११ मे २०२३ चा निकाल घ्या. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनं सरकार परत आणता येत नाही, हेही सांगितलं. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. ठाकरे आणि शिंदे, दोन्ही गटांनी विजयाचा दावा केला, तो सोयीचा भाग उचलूनच!

लिहिताना परिच्छेद क्रमांक द्या. मराठी भाषांतर वाचत असाल, तर अडलेल्या शब्दासाठी इंग्रजी मूळ उघडा, अधिकृत तेच.