जीवशास्त्राच्या मूलभूत संकल्पना तपासताना या चुका टाळा

एवढ्याशा बीजातून काही वर्षांत टनभर वजनाचं झाड उभं राहतं. त्या लाकडातलं वजन आलं कुठून?

महाविद्यालयात पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र मन लावून वाचलेले अनेक विद्यार्थीही या प्रश्नावर पटकन म्हणतात, ‘मातीतून’. हेच विद्यार्थी प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बिनचूक लिहितात. त्या समीकरणात डावीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी असतं, उजवीकडे ग्लुकोज. म्हणजे उत्तर त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर उतरवलेलं असतं, फक्त त्याचा झाडाशी संबंध लागलेला नसतो. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेलमाँट यांनी कुंडीत विलोचं रोप पाच वर्षं वाढवलं. झाडाचं वजन दीडशे पौंडांहून जास्त वाढलं, माती मात्र दोनेक औंसच कमी झाली. सगळं वजन पाण्यातून आलं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माती बाद करण्यात ते बरोबर होते. हवेतल्या वायूतून लाकूड घडतं हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. लाकडाच्या कोरड्या वजनाचा बहुतेक भाग कार्बन आणि ऑक्सिजनचा असतो आणि ही दोन्ही मूलद्रव्यं झाडाला मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमधून मिळतात.

या एका प्रश्नातून जे कळतं, ते ‘प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या लिहा’ या प्रश्नातून कधीच कळत नाही. जीवशास्त्र समजलंय का हे तपासायचं असेल, तर नावं विचारून भागत नाही. पदार्थ कुठून आला, ऊर्जा कुठे गेली, माहिती कोणाकडून कोणाकडे पोहोचली, हे विचारावं लागतं. तपासणीत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ हा प्रश्न न विचारण्यात आहे.

ओळखीचं वाटलं म्हणजे समजलं, असं धरून चालणं

धडा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या अंगकाची, आकृती दिसली की मान डोलते. पण पुस्तक मिटून तीच आकृती कोऱ्या कागदावर काढायला घेतली की आतलं पटल कुठे वळतं, प्रोटॉन कोणत्या बाजूला साठतात, यावर पेन अडतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवडाभरानं मात्र उतारा न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. म्हणून वाचून संपल्याबरोबर घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या, मग कोरा कागद घ्या.

फक्त बरोबर पर्याय मोजणं

बहुपर्यायी प्रश्न वाईट नसतात, त्यांचा वापर अर्धवट होतो. चारांतला एक पर्याय निवडायचा असेल, तर काहीही न येणाऱ्यालाही चारात एकदा बरोबर उत्तर सापडतं. शिवाय चुकीच्या कारणानं बरोबर पर्याय निवडणारे वेगळेच. डेव्हिड ट्रीगस्ट यांनी १९८८ साली दोन पायऱ्यांच्या प्रश्नांची पद्धत मांडली: आधी उत्तर निवडायचं, मग त्यामागचं कारण निवडायचं, आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण द्यायचा. पुढे परासरण (पटलातून पाण्याचं जाणं-येणं) आणि विसरण (रेणूंचं जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे पसरणं) या संकल्पनांसाठी अशा चाचण्या तयार झाल्या.

परासरणाचंच उदाहरण घ्या. तांबड्या रक्तपेशी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात ठेवल्या, तर त्यांचा आकार बदलेल का? ‘नाही’ हे उत्तर बहुतेकांना येतं. आता कारण विचारा. ‘पाण्याची ये-जा थांबते’ असं कारण दिलं असेल, तर ते उत्तर बरोबर धरू नका. अशा समपरासारी, म्हणजे पेशीच्या आतल्याइतक्याच तीव्रतेच्या, द्रावणातही पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही बाजूंना जातच असतात, फक्त जाणारे आणि येणारे सारखे असतात. समतोल म्हणजे हालचाल बंद, ही समजूत इथे दुरुस्त झाली नाही, तर ती पुढे रासायनिक समतोलात त्रास देते आणि विकरांच्या, म्हणजे अभिक्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनांच्या, धड्यातही आडवी येते. ‘विकराचं प्रमाण दुप्पट केलं तर समतोलाला उत्पादित जास्त मिळेल का?’ हा प्रश्न टाकून बघा. विकर समतोल लवकर गाठून देतो, समतोलाची जागा बदलत नाही.

स्वतःची चाचणी घेताना प्रत्येक उत्तरापुढे दोन गोष्टी लिहायची सवय लावा: एका वाक्यात कारण, आणि ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द. ही छोटी खूण पुढे फार उपयोगी पडते.

धड्याच्या चौकटीत राहून प्रश्न विचारणं

‘प्रकाशसंश्लेषण’ असं शीर्षक असलेल्या चाचणीत उत्तर प्रकाशसंश्लेषणाबद्दल असणार, हे आधीच कळलेलं असतं. म्हणजे कोणती संकल्पना वापरायची, हा सगळ्यात अवघड निर्णय चाचणीनंच घेऊन टाकलेला असतो. २०११ साली अमेरिकेत ‘व्हिजन अँड चेंज’ या अहवालानं पदवीपूर्व जीवशास्त्रासाठी पाच गाभ्याच्या संकल्पना मांडल्या: उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह व साठवण, ऊर्जा आणि पदार्थ यांची रूपांतरं, आणि प्रणाली. मला ही यादी आवडते, कारण ती धड्यांना आडवी छेद देते. एकच संकल्पना दोन लांबच्या धड्यांत शोधायला ती भाग पाडते.

झाडाच्या प्रश्नाला याच रीतीनं एक जोडीदार देता येतो: एखाद्या माणसाची दहा किलो चरबी कमी झाली, तर ती गेली कुठे? ‘ऊर्जेत बदलली’, ‘घामावाटे गेली’ ही नेहमीची उत्तरं. पदार्थ अशा अभिक्रियांत ऊर्जेत बदलत नाही. चरबीचं पूर्ण ऑक्सिडीकरण झालं, तर त्या दहा किलोंपैकी सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेलं पाणी होतं. दोन्ही प्रश्नांत कार्बनचा अणू शोधायचा आहे. ज्याला दोन्ही सुटले त्याला संकल्पना हाती लागली. एकच सुटला असेल तर अजून धडाच हाती आहे.

आकडे पाठ करून गुणसूत्रं मोजणं

इथे जरा थांबायला हवं, कारण पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त गोंधळ मला याच जागी दिसतो. ‘सूत्री विभाजनात (मायटोसिस) संख्या तीच राहते, अर्धगुणसूत्री विभाजनात (मायोसिस, ज्यातून जननपेशी बनतात) निम्मी होते’ हे वाक्य सगळ्यांना येतं. आता हे तीन प्रश्न विचारा.

माणसाच्या शरीरपेशीत डीएनएची प्रत तयार झाल्यावर गुणसूत्रं किती? अनेक जण ९२ म्हणतात. उत्तर ४६ आहे. प्रत्येक गुणसूत्राला आता दोन क्रोमॅटिड, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दोन सारख्या प्रती, आहेत, त्यामुळे क्रोमॅटिड ९२ झाले. गुणसूत्रं मोजताना सेंट्रोमिअर (प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या जागा) मोजायचे, हा नियम धरला की गोंधळ बराच निवळतो.

अर्धगुणसूत्री विभाजनाचा पहिला टप्पा संपल्यावर प्रत्येक पेशीत काय असतं? २३ गुणसूत्रं, प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड.

आणि तिसरा, खरा कस लावणारा: या पेशीतल्या डीएनएचं प्रमाण, प्रत तयार करण्याआधीच्या साध्या शरीरपेशीइतकंच असतं. मग हिला एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, का म्हणायचं? कारण संच मोजताना डीएनएचं वजन बघत नाहीत, प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र आहे की दोन्ही, हे बघतात. पहिल्या टप्प्यात जोडीदार वेगळे झाले आहेत. उरलेली दोन क्रोमॅटिड एकाच गुणसूत्राच्या प्रती आहेत, जनुकांच्या देवघेवीत अदलाबदल झालेला भाग सोडला तर.

इथे अडलात तर पुन्हा वाचत बसू नका. चारच गुणसूत्रांची पेशी काढा, दोन लांब, दोन आखूड. आईकडून आलेली एका रंगात, वडिलांकडून आलेली दुसऱ्या रंगात. मग प्रत्येक टप्पा पुस्तकात न बघता रंगवा. चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर होते, ते कागदच दाखवतो.

प्रभावी म्हणजे जास्त आढळणारं, असं समजणं

हाताला सहावं बोट असणं अनेक कुटुंबांत प्रभावी जनुकामुळे येतं, तरी ते क्वचितच दिसतं. ओ रक्तगट अप्रभावी आहे, पण जगात सर्वाधिक लोकांचा तोच आहे. प्रभावी-अप्रभावी हे शब्द एका व्यक्तीतल्या दोन युग्मविकल्पींच्या, म्हणजे एकाच जनुकाच्या दोन रूपांच्या, नात्याबद्दल बोलतात. लोकसंख्येत कोण किती आढळतं, हा वेगळा प्रश्न. तो तपासायला हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेला हिशेब वापरा. एखादा अप्रभावी विकार दहा हजारांत एकाला होत असेल, तर त्या युग्मविकल्पीची वारंवारता त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.०१ येते आणि वाहकांचं प्रमाण २ × ०.९९ × ०.०१, म्हणजे साधारण पन्नासात एक. हे उत्तर काढण्याआधी मनातला अंदाज लिहून ठेवा. अंदाज आणि हिशेब यांतलं अंतर बघितलं की संकल्पना पक्की बसते.

दोन्ही पालक वाहक असताना अपत्यांत येणाऱ्या प्रभावी-अप्रभावी लक्षणांच्या ३:१ या गुणोत्तराचंही तसंच. चार अपत्यांपैकी एकात अप्रभावी लक्षण दिसणारच, असा त्याचा अर्थ नाही. मेंडेल यांना दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले होते. गुणोत्तर २.९६:१ आलं, तेही सात हजारांवर दाणे मोजल्यावर.

‘गरज पडली म्हणून बदल झाला’ हे उत्तर चालवून घेणं

प्रतिजैविक दिल्यावर जिवाणू प्रतिरोधक कसे झाले? ‘जिवाणूंनी औषधाशी जुळवून घेतलं’ या उत्तराला अनेकदा पूर्ण गुण मिळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या वाक्यात नैसर्गिक निवड कुठेच नाही. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या अनेक वेगवेगळ्या वाढींवर (स्वतंत्रपणे वाढवलेल्या समूहांवर) जिवाणूंना मारणारे विषाणू सोडले. विषाणूच्या संपर्कामुळे प्रतिरोध निर्माण होत असता, तर प्रत्येक वाढीत प्रतिरोधक जिवाणू साधारण सारखेच सापडले असते. प्रत्यक्षात काही वाढींत एकही नव्हता, काहींत खूप होते. म्हणजे उत्परिवर्तन विषाणू येण्याआधीच, योगायोगानं, कुठे लवकर तर कुठे उशिरा झालेलं होतं.

म्हणून उत्क्रांतीच्या कोणत्याही उत्तरात तीन गोष्टी शोधा: आधीपासून असलेली विविधता, ती आनुवंशिक असणं, आणि त्यामुळे जगण्यात व प्रजननात पडलेला फरक. तीनपैकी एक जरी नसेल तरी उत्तर अपुरं धरा. एकेकटा जीव उत्क्रांत होत नाही, समूहातली प्रमाणं बदलतात, हेही उत्तरात दिसायला हवं.

आणखी दोन जागा थोडक्यात. एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचा बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते, असं लिहिलं असेल तर खोडा. कोणताही बंध तोडायला ऊर्जा लागतेच. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होऊन बनणारे पदार्थ जास्त स्थिर असतात, म्हणून एकूण हिशेबात ऊर्जा मोकळी होते. दुसरी जागा: मेंदूतल्या चेतापेशीत इन्सुलिनचं जनुक असतं का? असतं. पेशी वेगळ्या होतात त्या बहुतांशी कोणती जनुकं वापरात आहेत, यावरून.

चुकीची उत्तरं नुसती दुरुस्त करून पुढे जाणं

आता ती ‘खात्री’ आणि ‘अंदाज’ची खूण कामाला येते. अंदाजानं चुकलेलं उत्तर म्हणजे माहितीची पोकळी. तो भाग वाचला की भरते. खात्रीनं चुकलेलं उत्तर वेगळं. तिथे एक पक्की समजूत बसलेली आहे आणि योग्य उत्तर वाचूनही ती आपोआप जात नाही. अशा ठिकाणी आपली समजूत पूर्ण वाक्यात लिहा, तिच्यावरून एक भाकीत करा आणि ते कुठे खोटं ठरतं ते शोधा. ‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ अशी समजूत असेल, तर दिवसा मुळांच्या पेशींना ऊर्जा कुठून मिळते, हे विचारा. तिथे प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे मुळं दिवसाही श्वसन करतात. पानंही करतात, फक्त प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्यानं ते बाहेरून दिसत नाही. अंदाजानं बरोबर आलेली उत्तरंही चुकलेल्यांच्या यादीतच टाका.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगते. चुकीचे पर्याय स्वतः रचू नका. आधी तोच प्रश्न खुल्या उत्तरासाठी द्या, विद्यार्थ्यांनी त्यांच्या शब्दांत लिहिलेल्या चुका गोळा करा आणि त्यांचेच पर्याय बनवा. मग कोणता चुकीचा पर्याय किती जणांनी निवडला, यावरून पुढच्या तासाला काय शिकवायचं ते ठरवता येतं.

आठवड्यानं फेरचाचणी घेताना तेच प्रश्न पुन्हा देऊ नका, नाहीतर उत्तरांची आठवण तपासली जाते. संकल्पना तीच ठेवून प्रसंग बदला. परासरणात रक्तपेशींवर प्रश्न झाला असेल, तर या वेळी पॅरामेशियम घ्या. गोड्या पाण्यात राहणाऱ्या या एकपेशीय जीवाची संकोची रिक्तिका आत शिरलेलं जास्तीचं पाणी सतत बाहेर टाकत असते. पाण्यात थोडं मीठ मिसळलं, तर तिचा वेग वाढेल की मंदावेल? आधी उत्तर, मग कारण, मग खात्री की अंदाज. वेग मंदावतो, कारण बाहेरच्या आणि आतल्या द्रावणातला फरक कमी झाल्यानं आत येणारं पाणीच घटतं. ‘मिठामुळे पेशी दुबळी होते’ असं कारण लिहिलं गेलं असेल, तर परासरणाकडे पुन्हा वळायला हवं.