आपले सॉफ्टवेअर खुले करायचे असेल तर : आधी कारण, मग परवाना

तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम सोर्स कोडसकट सर्वांना देऊन टाकायचे ठरवले असेल, तर गिटहबवर (कोड ठेवण्याच्या आणि वाटण्याच्या संकेतस्थळावर) खाते उघडण्यापूर्वी आणि परवान्यांची यादी चाळण्यापूर्वी आपण हे का देत आहोत ते दोन ओळींत लिहून ठेवा. सल्ला तात्त्विक वाटेल. पण परवाना कोणता निवडायचा, बाहेरच्यांनी पाठवलेले बदल घ्यायचे की नाहीत, तक्रारींना किती वेळ द्यायचा आणि पैसे कशाचे मागायचे, हे पुढचे सगळे व्यावहारिक निर्णय त्या दोन ओळींवरूनच सुटतात. ‘समाजसेवा’ असा एकच शब्द लिहून मोकळे होऊ नका. आजवर ज्यांनी मोठे मुक्त स्रोत प्रकल्प उभे केले, त्यांची कारणे त्यापेक्षा बरीच नेमकी होती.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना नव्वदच्या दशकात गप्पांच्या एका चॅनेलवरील बॉटसाठी चलनांचे रोजचे दर इंटरनेटवरून आणायचे होते. त्यासाठी त्यांनी दुसऱ्याच कोणी खुला करून ठेवलेला एक छोटा प्रोग्रॅम घेतला, त्यात भर घातली आणि ती भरही खुलीच ठेवली. १९९८ मध्ये त्याला ‘कर्ल’ हे नाव मिळाले आणि आज तो मोबाइलपासून मोटारींपर्यंत सर्वत्र आहे. स्वतःची गरज हे इथले कारण. रिचर्ड स्टॉलमन यांचे कारण तत्त्वाचे होते. एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळत नसल्यामुळे, कागद अडकल्याची सूचना संगणकावर देणारी सोय त्यांना त्यात बसवता आली नाही. आपल्याच यंत्रात दुरुस्ती करण्याची मनाई त्यांना अन्यायाची वाटली आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू या, सर्वांना वापरता आणि बदलता येईल अशी संगणक प्रणाली उभारण्याच्या प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) जाहीर केले ते छंद म्हणून, लोकांचा अभिप्राय मिळावा म्हणून. सुरुवातीच्या परवान्यात त्यांनी लिनक्सच्या वाटपासाठी पैसे घेण्यास बंदी घातली होती. १९९२ मध्ये त्यांनी ती काढून जीपीएल हा, सुधारित प्रोग्रॅम वाटताना त्याचा सोर्स कोडही द्यायला लावणारा परवाना स्वीकारला, कारण इतरांनी पैसे कमावण्याला त्यांची हरकत नव्हती. सुधारणा परत सर्वांना मिळाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा होती. आपल्याला नक्की काय हवे आहे हे कळल्यावर परवाना कसा बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

कंपन्यांचे कारण मात्र बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, एखादी कंपनी लिनक्सवर आपला सर्व्हर चालवते आणि तिच्या अभियंत्यांनी त्यातील एक दोष स्वतःपुरता दुरुस्त केला. ही दुरुस्ती त्यांनी लपवून ठेवली, तर लिनक्सची प्रत्येक नवी आवृत्ती आली की ती नव्या कोडवर पुन्हा बसवावी लागते, पुन्हा तपासावी लागते, आणि दुरुस्ती करणारा माणूस नोकरी सोडून गेला की ती का केली होती हेही कोणाला सांगता येत नाही. तीच दुरुस्ती मूळ प्रकल्पाला देऊन टाकली, तर पुढच्या आवृत्तीत ती आपोआप येते आणि तिची काळजी सगळे मिळून घेतात. देणे हे इथे औदार्य नसून खर्च वाचवण्याचा मार्ग आहे. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतेक बदल आज पगारी अभियंते करतात, त्यामागे हाच हिशेब आहे. एकट्या प्रोग्रॅमरलाही तो लागू पडतो: तुमचा कोड इतरांनी वापरला, तर त्यातील चुका सापडतात त्या तुमच्याच फायद्याच्या असतात.

उरलेले एक कारण म्हणजे नाव आणि नोकरी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. केलेले काम उघड दाखवता येणे हे नवख्या माणसासाठी मोठे भांडवल असते. फक्त दिखाऊ बक्षिसापासून जपावे. २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (प्रकल्पात बदल घ्यावा अशा विनंत्या) पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी जगभरच्या प्रकल्पांवर एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या निरर्थक रिक्वेस्टांचा असा पाऊस पाडला की सहभागासाठी प्रकल्पाची आधी संमती असलीच पाहिजे, असा नियम आयोजकांना काही दिवसांतच करावा लागला.

कोड खरोखर तुमचा आहे का?

कारण लिहून झाल्यावर मालकी तपासा. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये मोडतो, आणि कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. अनेक नेमणूकपत्रांतील कलमे याहूनही व्यापक असतात आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. त्यामुळे नेमणूकपत्र काढून वाचा आणि शंका असल्यास वरिष्ठांकडून ईमेलवर स्पष्ट परवानगी घ्या. ‘साहेब तोंडी हो म्हणाले होते’ हे साहेब बदलल्यावर उपयोगी पडत नाही. ग्राहकासाठी पैसे घेऊन लिहिलेला कोड असेल, तर त्याच्याशी झालेला करार पाहा. इतरांच्या लायब्ररी (आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड) वापरल्या असतील, तर त्यांचे परवानेही वाचा. जीपीएल असलेली लायब्ररी आत गुंफून केलेला प्रोग्रॅम वाटायचा झाल्यास तोही जीपीएलखालीच वाटावा लागतो.

परवाना निवडताना

परवान्याची फाइल न जोडता कोड नुसता इंटरनेटवर ठेवला, तर तो मुक्त होत नाही. कायद्याने सर्व हक्क तुमच्याकडेच राहतात आणि सावध माणूस तो वापरत नाही. स्वतः मराठीत किंवा इंग्रजीत परवाना रचण्याच्या फंदातही पडू नका; प्रस्थापित परवान्यांची भाषा वकिलांनी घासूनपुसून तयार केलेली आहे आणि कंपन्यांना ती ओळखीची आहे.

एक उदाहरण घेऊ. पतसंस्थेच्या पावतीवर १,२५,४५० हा आकडा ‘एक लाख पंचवीस हजार चारशे पन्नास’ असा अक्षरांत छापणारी छोटी लायब्ररी तुम्ही लिहिली आहे. मराठीत पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट अशी रूपे असल्यामुळे इंग्रजीसारखा दशक-एकक जोडण्याचा नियम चालत नाही. शंभरापर्यंतची सगळी रूपे हाताने टंकून तक्ता करावा लागतो. हे कष्टाचे असले, तरी यात व्यापारी गुपित काही नाही. प्रत्येक बिलिंग प्रोग्रॅममध्ये शुद्ध मराठी आकडे छापले जावेत, एवढेच तुमचे कारण असेल, तर एमआयटी परवाना घ्या. तो जेमतेम पानभराचा असून, तुमच्या नावाची प्रताधिकार सूचना आणि परवान्याचा मजकूर जपावा एवढीच अट घालतो आणि सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’ दिले आहे, म्हणजे नुकसानीस तुम्ही जबाबदार नाही, हे नोंदवतो. पेटंटची चिंता असलेल्या मोठ्या कंपन्यांनी वापरावे अशी इच्छा असेल, तर अपाचे २.० बरा, कारण त्यात योगदान देणाऱ्यांच्या पेटंटांचीही परवानगी लिहिलेली आहे.

मात्र अशा परवान्यानंतर कोण काय करील, याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार राहत नाही, हे मनाशी पक्के करा. अँड्र्यू टॅनेनबाम यांनी मिनिक्स ही प्रणाली अशाच सैल, बीएसडी परवान्याखाली दिली होती. २०१७ मध्ये उघड झाले की इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या व्यवस्थापन चिपमध्ये ती बसवलेली आहे, म्हणजेच ती जगातील असंख्य संगणकांत गुपचूप चालते आहे. टॅनेनबाम यांनी इंटेलला खुले पत्र लिहिले. त्यात हक्काची भाषा नव्हती, सौजन्य म्हणून एकदा कळवले असते तर बरे वाटले असते, इतकाच सूर होता. अशा वेळी तुम्हाला काय वाटेल, याचा विचार आधीच करून ठेवावा.

वाईट वाटणार असेल, तर जीपीएल तुमच्यासाठी आहे. समजा, तुम्ही लायब्ररीऐवजी सोसायटीच्या हिशेबाचा पूर्ण प्रोग्रॅम लिहिला आहे आणि तो घेऊन एखादा विक्रेता बंद स्वरूपात विकील, अशी भीती आहे. जीपीएलनुसार तो विकू शकतो, पण सुधारित प्रोग्रॅम ज्याला देईल त्याला सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो. ही अट कागदावरच राहत नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरले आहे हे लोकांच्या लक्षात आल्यावर २००३ मध्ये कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला, आणि त्याच कोडमधून ओपनडब्ल्यूआरटी हा आजही चालू असलेला प्रकल्प उभा राहिला. विक्रेता प्रोग्रॅमची प्रत न देता तो स्वतःच्या सर्व्हरवरून सेवा म्हणून चालवणार असेल, तर जीपीएलची अट त्याला लागत नाही. ती पळवाट बंद करण्यासाठी एजीपीएल हा परवाना आहे. फॉन्टसाठी ओएफएल हा स्वतंत्र परवाना वापरतात. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली मिळतो.

कोड बाहेर ठेवण्याआधी

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते. कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड किंवा पैसे भरण्याच्या सेवेची ‘की’ (गुप्त चावी) राहिली असेल आणि तुम्ही ती शेवटच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसली असेल, तरी गिट हा बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम आधीच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवते, त्यामुळे इतिहास चाळणाऱ्याला ती मिळतेच. म्हणून अशी प्रत्येक की आधी रद्द करून नवी घ्या आणि मगच इतिहास साफ करा. इतिहासाचे फारसे मोल नसेल, तर सध्याच्या फाइलींची नवी रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा) सुरू करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. चाचणीसाठी वापरलेल्या फाइलींकडेही बघा: पावतीच्या नमुन्यात पतसंस्थेच्या खऱ्या सभासदाचे नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर असणे ही नेहमीची चूक आहे.

रीडमी या, प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये प्रोग्रॅम काय करतो, कोणासाठी आहे, कसा बसवायचा आणि काय करत नाही, हे चारही मुद्दे असावेत. चौथा बहुतेक जण गाळतात. ‘पैशांचे रूपांतर केले जात नाही, आकडा शंभर कोटींच्या आतला असावा’ असे स्पष्ट लिहिले, तर ५० पैशांची रक्कम दिल्यावर पावती कोरी आली, ही तक्रार येण्याऐवजी ती सोय कोणी तरी स्वतःच लिहून पाठवण्याची शक्यता वाढते. वापरणारे मराठी असतील, तर रीडमी मराठीतही द्या, मात्र इंग्रजी आवृत्ती ठेवा, कारण दोष शोधणारा माणूस कानडी किंवा पोर्तुगीज बोलणारा असू शकतो.

देऊन झाल्यावर

प्रत काढायला खर्च येत नाही, म्हणून देणे परवडते. सांभाळायला मात्र वेळ लागतो आणि तो कोणी भरून देत नाही. ओपनएसएसएल ही लायब्ररी इंटरनेटवरील बहुतांश सुरक्षित व्यवहारांच्या मुळाशी होती, तरी २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर एवढ्याच होत्या. त्यामुळे आपण किती वेळ देणार ते रीडमीमध्येच लिहा: ‘महिन्यातून एकदा तक्रारी पाहतो’ असे वाक्य उद्धट नसते. बाहेरचे बदल नकोत असे ठरवलेत, तरी चालते. एसक्यूलाइट हा जगात बहुधा सर्वाधिक ठिकाणी असलेला डेटाबेस आहे; त्याचा कोड पूर्ण खुला आहे, वापरायला कसलीही अट नाही, पण बाहेरून आलेला कोड त्याचे कर्ते सहसा घेत नाहीत. सुरक्षेतील दोष कळवण्यासाठी मात्र खासगी ईमेल पत्ता द्याच, नाहीतर लोक तो दोष चारचौघांत मांडतील.

पैशांबद्दल बोलायचे तर कोडसाठी न घेता त्याभोवतीच्या कामासाठी घेणे लोकांना पटते. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे कामकाज सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलखाली देते आणि होस्टिंग व सहाय्यसेवेतून कमावते. प्रकल्प बराच वापरात असेल, तर झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये सुरू केलेल्या, वर्षाला १० लाख डॉलरच्या फ्लॉस/फंडकडे अर्ज करता येतो. त्यासाठी आपल्या गरजा सांगणारी एक ठरावीक नमुन्यातील फाइल स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा रेपॉझिटरीत ठेवावी लागते. पहिल्याच वर्षी यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

थकवा आला की प्रकल्प कोणाच्या तरी हाती सोपवावासा वाटतो, आणि इथे घाई नडते. एक्सझेड या संक्षेपणाच्या लायब्ररीचा एकमेव सांभाळकर्ता थकलेला होता. त्याच्यावर अनोळखी खात्यांवरून कामाच्या संथपणाबद्दल दबाव आला, त्याच काळात एका मदतनीसाने चांगले बदल पाठवून विश्वास संपादन केला, आणि हक्क हाती आल्यावर त्यात चोरवाट बसवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने) लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला नसता, तर ती चोरवाट असंख्य सर्व्हरवर पोहोचली असती. म्हणून ज्याला प्रत्यक्ष किंवा दीर्घ कामातून ओळखत नाही, त्याला रेपॉझिटरीच्या आणि पॅकेज प्रसिद्ध करण्याच्या चाव्या देऊ नका. योग्य माणूस मिळत नसेल, तर रीडमीच्या पहिल्या ओळीत काम थांबवल्याचे लिहा आणि गिटहबच्या सेटिंगमधून रेपॉझिटरी ‘अर्काइव्ह’ करा. कोड वाचण्यापुरता तसाच राहतो, नव्या तक्रारी येणे बंद होते, आणि ज्याला गरज आहे तो फोर्क करून (स्वतःची वेगळी प्रत काढून), स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या जबाबदारीवर, पुढचे काम चालू ठेवतो.