ब्लाइंड टेस्ट: ॲम्प झाकण्याआधी माणसं आवरा

ब्लाइंड टेस्ट म्हणजे कोणता ॲम्प (ॲम्प्लिफायर) वाजतोय ते न सांगता, तो ‘ए’ की ‘बी’ हे दर फेरीला नुसतं ऐकून ओळखायला लावणं. दोन ॲम्पची अशी तुलना करायला पाच-सहा जण जमले, की त्यात एक त्या ॲम्पचा मालक असतो, एक त्याला तो घ्यायला लावणारा, आणि एक असा की ज्याच्यापुढे मत मांडायला बाकीचे कचरतात. टेस्ट बहुधा इथेच बिघडते. म्हणून वायरला हात लावण्याआधी कागदावर लिहा: फेऱ्या १६, बरोबर उत्तरं किमान १२, ‘अजून दोन घेऊ’ बंद. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त जुळायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. ११ वर समाधान मानलंत तर ती १० टक्क्यांच्या वर जाते. शिवाय दहा जण बसले तर निव्वळ नशिबाने एखादा १२ गाठेल, याची शक्यता जवळपास तीनात एक. ‘बघा, काकांना कळलं!’ म्हणण्याआधी काकांच्या एकट्याच्या पुन्हा १६ फेऱ्या घ्या.

सगळ्यात मोठा घोळ आवाजाच्या पातळीचा. जरासा मोठा आवाज मोठा वाटतच नाही. मोकळा, भरदार, जिवंत वाटतो. दोन्ही ॲम्प ०.१ डेसिबलच्या आत जुळायला हवेत आणि ते मोबाइलच्या ॲपने होत नाही. स्पीकर जोडलेलाच ठेवा, ३०० हर्ट्झचा टोन लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. एकाचे २.०० आले तर दुसऱ्याचे १.९८ ते २.०२ च्या आतच हवेत. डावा-उजवा वेगवेगळा मोजा. टोन १००० हर्ट्झचा नको, कारण बरेच स्वस्त मीटर ४०० च्या वर भरवशाचे राहत नाहीत. तो नेहमीचा छोटा पिवळा मीटरही चालणार नाही: त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची, म्हणजे दशांशानंतर एकच आकडा, आणि २ व्होल्टवर तेवढ्यातच ०.४ डेसिबल निसटतात. एका ॲम्पचा आवाज पायऱ्यांनी वाढत असेल तर तो आधी लावा आणि फिरत्या नॉबचा त्याला जुळवा.

स्पीकर एका ॲम्पवरून दुसऱ्यावर नेणारा स्विच चार पोल, दोन थ्रोचा (चारही वायरी एकदम बदलणारा) आणि मध्ये ‘ऑफ’ असलेला घ्या; मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. तो ‘ब्रेक बिफोर मेक’ असल्याची खात्री करा, म्हणजे आधीचा ॲम्प सुटल्यावरच पुढचा जोडला जातो. दोघांचे आउटपुट क्षणभरही एकमेकांना लागले तर ॲम्प जळू शकतो. निगेटिव्ह वायर सामाईक ठेवून पैसे वाचवू नका. काही क्लास डी (छोट्या, कमी तापणाऱ्या) ॲम्पमध्ये निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड नसतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प स्पीकरशिवाय चालू ठेवायचा नसतो, तो असेल तर ही पद्धत सोडा. ॲम्प बदलला नाही तरी दर फेरीला स्विच आधी ‘ऑफ’वर न्या आणि मग जोडा, म्हणजे खटके नेहमी दोनच; नाहीतर ऐकणारा खटके मोजतो.

क्रम नाणेफेकीने आदल्या दिवशीच ठरवून पाकिटात घाला. मनाने ठरवणारा माणूस ‘ए’ आणि ‘बी’ गरजेपेक्षा जास्त आलटून पालटून टाकतो. स्विचवाला पडद्यामागे, तोंड बंद. मधल्या खुर्चीत एका वेळी एकच जण. उत्तर चिठ्ठीवर, चिठ्ठी डब्यात, आणि सगळ्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत चर्चा नाही. ‘हं…’ सुद्धा चर्चाच. गाणी ‘फरक आहे’ म्हणणाऱ्यांनी दोन आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी दोन द्यावीत.

घोडबंदर रोडसारख्या रहदारीच्या रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर रविवारची सकाळ बरी. पंखा बंद, एसीही बंद, कारण कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो. मे महिन्यात आठ फेऱ्यांनंतर पंखा लावून दहा मिनिटं थांबा. घामाने भिजलेला माणूस नीट ऐकत नाही. पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलवरचा पत्रा वाजायला लागला की टेस्ट पुढे ढकला.

खऱ्या फेऱ्यांआधी एक राउंड असा घ्या, की एक ॲम्प मुद्दाम १ डेसिबलने वर ठेवलाय. तोही कुणाला ओळखता आला नाही तर दोष ॲम्पचा नाही, टेस्टच बहिरी आहे.

हाच प्रकार स्पीकरवर करायला जाल तर अवघड आहे, कारण जागा बदलली की बास बदलतो. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर उघड आणि झाकून ऐकवले, तेव्हा उघड ऐकताना मोठ्या, महाग स्पीकरना झुकतं माप मिळालं. ऐकणारे लोक हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच होते.

निकाल ९ आला तर ‘फरक नाही’ असं लिहू नका. ‘या तिघांना, या खोलीत, या चार गाण्यांवर ओळखता आला नाही’ एवढंच लिहा, आणि खाली मीटरचे चारही आकडे.