बर्फ निसरडा का? लहान मुलांना असं समजवा

बर्फाचे खडे, स्टीलचं ताट आणि खोडरबर घ्या. ताट तिरकं धरलं की खोडरबर अडून राहतो, बर्फ सुळकन सुटतो. हे मुलं स्वतःच करतात.

कठीण आहे ते पुढचं ‘का?’. पहिल्यांदा मी फ्रीजरमधून काढलेला खडा तसाच एका पाच वर्षांच्या मुलीच्या हातावर ठेवला आणि विचारलं, “निसरडा आहे ना?” ती म्हणाली, “नाही, चिकटतोय!” खरंच चिकटत होता. फ्रीजर असतो उणे 18 अंशांच्या आसपास. बोटावरचा ओलावा लगेच गोठतो. मी म्हटलं, “थांब, वितळू दे.” तिने निष्कर्ष काढला की निसरडं असतं ते पाणी, बर्फ नव्हे. तेव्हापासून मी चिकटण्यापासूनच सुरुवात करते. फक्त जीभ किंवा ओठ लावू देऊ नका, आणि बोट चिकटलं तर ओढायचं नाही, नळाखाली धरायचं.

मग मुलांना दाटीवाटीने तीन रांगांत उभं करा. मधल्यांनी पुढच्या-मागच्यांचे हात घट्ट धरायचे. शेवटच्या रांगेला मागे धरायला कुणीच नाही, त्यांचा एकेक हात मोकळा. कोण जास्त चुळबुळ करतं? बर्फातही पाण्याचे बारीक बारीक कण असेच एकमेकांना धरून असतात. वरच्या थराला वरून धरणारं कुणी नसतं, म्हणून शून्याखालीही तो थोडा सैलच राहतो. त्यावरून आपण घसरतो. घासल्याने थोडी ऊब येते, थर आणखी सैल होतो.

“आपल्या वजनाने बर्फ वितळतो” हे मात्र कृपा करून सांगू नका. दाबाने वितळणबिंदू उतरतो खरा, पण हवेच्या दाबाएवढा जादा दाब दिला तरी अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. बूट घातलेल्या मुलाचं वजन एवढाही दाब देत नाही, तरी उणे 10 अंशांतही ते घसरतं. फार कडाक्याच्या थंडीत थर अगदी पातळ होतो आणि बर्फ बराच कमी निसरडा लागतो.

शेवटी ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी 1850 साली लंडनमध्ये दाखवलेला प्रयोग. खडे ओलसर चमकू लागले की दोन खडे अर्धा मिनिट एकमेकांवर दाबून धरा. ते जोडले जातात. का, ते तुम्ही सांगू नका. रांगेतल्या मुलांकडे बोट दाखवा आणि थांबा. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतंच, “आता त्यांना दोन्हीकडून हात मिळाले!”