मुंगसाचा बंदोबस्त

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर, मागे थोडी बाग आणि त्यात हौसेच्या गावरान कोंबड्या. मुंगूस येणारच. खुराड्याला नेहमीची षटकोनी जाळी होती. तिने कोंबड्या आत राहतात, पण मुंगूस काही बाहेर राहत नाही. शिवाय ते जमीन उकरून खालून शिरतं.

मग अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डेड जाळी चारी बाजूंनी लावली. खालची कड सरळ खोल न पुरता बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवली आणि वर माती-दगड टाकले. मुंगूस जाळीला लागूनच उकरायला घेतं आणि तिथेच पंजा अडतो. मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. खाली फरशी घालायचा खर्चही वाचला. दाराला आकड्याऐवजी कडी-कोयंडा बसवला. रात्री दाणे उघडे ठेवत नाही. उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

कुंपणाची कण्हेर मात्र काढली. झाड विषारी, आणि कोंबडी कशाला चोच मारेल याचा भरवसा नाही. आईला देवाच्या फुलांचं वाईट वाटलं, म्हणून तिथे जास्वंद लावली. मानमोडी म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरची लासोटा लस पिल्लं आठवड्याची असतानाच, डोळ्यात थेंब टाकून, देऊन घेतली.