मुलीसाठी वेगळे किंवा मुलग्यांचे समजले जाणारे नाव निवडताना

आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीत मुलग्याला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. फरक काय तो एका स्वराचा. नावांच्या बाबतीतही आपण आजवर एवढाच फरक करत आलो: अरुणची अरुणा झाली, विजयची विजया, अजितची अजिता. अलीकडे मात्र बारशाआधी नाव विचारायला माझ्याकडे येणाऱ्या काही तरुण आईवडिलांना हा जोडलेला आकारही नको असतो. त्यांना मुलीसाठी समीर, शौर्य, मल्हार अशी नावे जशीच्या तशी हवी असतात. अमळनेर तालुक्यातील प्राथमिक शाळांत मी अनेक वर्षे रोज सकाळी हजेरी घेतली आणि नाव लेकराला कसे वाढवते व कसे खुपते हे जवळून पाहिले. म्हणून ही निवड कशी करावी, हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

सर्वात आधी आईवडिलांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: घरात आधीच एक मुलगा असता, तरीही या मुलीला आपण हेच नाव ठेवले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे जावे; उत्तर देताना अडखळायला झाले तर ते नाव सोडून द्यावे. मी हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण नको असलेल्या मुलीच्या नावावर मनातली नाराजी लिहून ठेवण्याची चाल आपल्या राज्यात खरोखर होती. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नावाच्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपणही त्यापासून फार दूर नव्हतो, कारण त्याच वर्षीच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त 842. पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून या खेपेच्या मुलीला मुलग्याचे नाव देणे हे ‘नकुसा’ म्हणण्याचेच सौम्य रूप आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेच नाव त्याच्या अर्थासाठी, त्याच्या नादासाठी आणि तिच्यासाठी म्हणून ठेवले, तर मात्र ते तिचे पहिले धन ठरते.

हेतू ठरला की भाषेकडे वळावे, कारण मराठीत नावाला एकट्याने उभे राहावे लागत नाही. त्याच्या मागे क्रियापद येते आणि ते लिंग बोलून दाखवते. पंजाबी लोकांत हरप्रीत किंवा गुरप्रीत हे नाव भावालाही असते आणि बहिणीलाही, कारण पुढचे सिंह आणि कौर हे शब्द भेद सांगतात. आपल्याकडे ते काम पूर्वी नावापुढचे ‘बाई’ आणि ‘ताई’ करत, आणि आजही ते क्रियापद करतेच. ‘किरण आला’ आणि ‘किरण आली’, किंवा आपल्या घरातल्या बोलीत ‘किरण उना’ आणि ‘किरण उनी’, यांत कुणाचा गोंधळ होत नाही. किरण मोरे भारताचे यष्टिरक्षक होते आणि किरण बेदी 1972 मध्ये भारतीय पोलीस सेवेत आलेल्या पहिल्या महिला अधिकारी; दोघांनाही एकच नाव शोभून दिसते. ज्यांना फार धाडस नको आहे, त्यांनी किरण, शीतल, सुमन, कमल, नूतन या आधीच दोघांच्या झालेल्या नावांतून निवड करावी.

ज्यांना खरोखर वेगळे नाव हवे आहे, त्यांनी शब्दाचे मूळ लिंग अवश्य पाहावे, कारण तिथे अनपेक्षित मोकळीक मिळते. शौर्य, धैर्य, तेज, क्षितिज, गगन, अंबर ही नावे आपण मुलग्यांची मानतो, पण हे सारे शब्द नपुंसकलिंगी आहेत. त्यांच्यावर मुलग्यांचा जितका हक्क आहे, तितकाच मुलींचाही आहे. याहून मला आवडणारा दुसरा गट आहे तो शेवटी आकार किंवा ईकार नसलेल्या स्त्रीलिंगी शब्दांचा: झेप, पहाट, मशाल, वीज, लाट, जिद्द. कानाला हे शब्द ठसठशीत लागतात, ऐकणारा क्षणभर थबकतो, आणि तरीही ‘पहाट आली’ म्हणताना व्याकरण मुलीच्याच बाजूने उभे असते. रागांची नावेही अशीच तपासता येतील. मल्हार, केदार, सारंग ही नावे मुलीला ठेवली तर तिला ऐकवायला पहिल्या दिवसापासून एक सूर घरात असतो. ईश, इंद्र, नाथ, पती, राज हे शब्द शेवटी असलेली नावे मात्र मी टाळायला सांगते. सुरेश म्हणजे देवांचा स्वामी आणि नरेंद्र म्हणजे माणसांचा राजा. हा अर्थ पुरुषाचाच आहे, आणि तो मुलीला आयुष्यभर समजावून सांगत बसावा लागतो.

नाव शोधायला आपल्या भागाबाहेर जायलाच हवे असेही नाही. खानदेशातल्या नद्यांकडे एकदा नावे म्हणून पाहावे. तापी आणि गिरणा ओळखीच्या आहेत, धुळ्यातून पांझरा वाहते, सातपुड्यातून अनेर येते, आणि अजिंठ्याच्या लेण्यांपाशी डोंगर उतरून जळगाव जिल्ह्यात येते ती वाघूर. वाघूर हे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे. त्यात वाघ आहे, शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि त्या नावाची दुसरी मुलगी वर्गात असण्याचा संभव फार थोडा. ज्यांना ते जड वाटेल, त्यांच्यासाठी अनेर आहे. नादाला हलके आणि तरीही बांधेसूद. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव तर नुसत्या नात्यावरून आलेले, अगदी साधे. तेच नाव 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. साध्या आणि जवळच्या शब्दाला कमी लेखू नये, एवढ्यासाठीच त्यांची आठवण केली.

निवडलेली दोन-तीन नावे किमान आठवडाभर घरात वापरून पाहावीत. ओट्यावरून गल्लीच्या टोकाला हाक मारून पाहावी आणि रागावूनही पाहावे. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाकडून ते नाव म्हणवून घ्यावे, कारण आपल्या बोलीत ळ चा य होतो आणि ण चा न. आभाळ हे नाव जिभाऊंच्या, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, तोंडी आभाय होणार आणि किरणचे किरन होणार. त्यात वाईट काही नाही, पण ते रूप आपल्याला आवडते की नाही हे आधी कळलेले बरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुले नाव कसे मोडतात. सागरचा सागऱ्या होतो आणि समीरचा सम्या. हा ‘या’ पुल्लिंगी असल्यामुळे चिडवणाऱ्याला तो आयताच मिळतो. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. तिच्या आईने तिसरीत असताना तिला घरचे एक छोटे लाडाचे नाव वर्गात सर्वांना सांगायला शिकवले आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेच नाव रूढ झाले. म्हणून हाक मारायचे नाव आपणच ठरवून द्यावे. ते आपण दिले नाही तर वर्ग देतो.

राशीच्या अक्षराचा अडसर वाटतो तितका मोठा नाही. आर्द्रा नक्षत्राला कु, घ, ङ, छ अशी अक्षरे येतात आणि आईवडील हताश होतात. उत्तराभाद्रपदेत झ आला तर मात्र ‘झेप’ तयारच आहे. अक्षर जमत नसेल तर पत्रिकेतले जन्मनाव एक आणि व्यवहारातले नाव दुसरे ठेवण्याची जुनी सोय आहे, ती खुशाल वापरावी.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र अजिबात ढिलाई करू नये. माझ्याच एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, केवळ नावावरून अंदाज बांधून, ‘मुलगा’ असे छापून आले होते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी तिच्या वडिलांना ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत तालुक्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते की कोणताही अर्ज, दाखला किंवा ओळखपत्र हाती आले की नावाच्या आधी लिंगाचा रकाना वाचावा आणि चूक असेल तर तेथेच उभे राहून दुरुस्त करून घ्यावी. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, परंतु नाव ठरले नसेल तर नावाशिवायही ती करता येते. नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणून वेगळे नाव ठेवू इच्छिणाऱ्यांनी बाराव्या दिवसाच्या घाईत नावाची नोंद उरकू नये. एकदा लिहिलेले नाव बदलायचे म्हणजे राजपत्रात जाहिरात आणि पुढे प्रत्येक कागदाची दुरुस्ती आली. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच आधार धरला जातो, त्यामुळे त्यातली वेलांटीसुद्धा महत्त्वाची ठरते. नाव रोमन अक्षरांत कसे लिहायचे तेही आधीच कागदावर लिहून पक्के करावे आणि अनोळखी माणसाकडून वाचून घ्यावे. ‘पहाट’ कुणी ‘पाहत’ असे वाचले, तर अक्षरे बदलावीत.

एक बदल अशा नावांना फार उपकारक ठरला आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येते. पूर्वी क्षितिज नावाच्या मुलीचे पूर्ण नाव वाचले तर त्यात एकही स्त्रीचे नाव नसे. आता दुसऱ्याच शब्दाला तिची आई तिच्या शेजारी येऊन उभी राहते. हे चारही शब्द एका दमात वाचून पाहावेत. तीन अक्षरी नावापुढे लांबलचक नावे आली तर ताल बिघडतो, तिथे झेप किंवा तेज यांसारखे आखूड नाव बरे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सारे पाळण्यापाशी कळू नये, आठ दिवस आधी कळावे. ‘हाई काय पोरनं नाव शे का?’ असा प्रश्न सासूबाई विचारतीलच. त्यावर वाद न घालता नावाचा अर्थ सांगावा, आणि नदीचे नाव असेल तर एखाद्या रविवारी त्यांना ती नदी दाखवून आणावी. नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे आपल्याकडच्या फुईचा. तिला विश्वासात घ्यावे, नावाचा अर्थ तिला पटेपर्यंत सांगावा आणि ते तिच्याकडून चार वेळा मोठ्याने म्हणवून घ्यावे, म्हणजे बारशाच्या दिवशी वाकून ‘कुर्र’ करताना तिची जीभ अडखळणार नाही.